कोळशात तुराट्या मिसळल्या की धूर खरंच कमी होतो का?

साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला जळण आणि धूर यांचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडतात. कुरडया-पापड घालायचे तर आधी वारा कुठल्या बाजूनं आहे ते बघावं लागतं. ऊस तुटून गेलेल्या रानात संध्याकाळी पाचट पेटतं आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा दिवासुद्धा धुरात पुसट होतो.

त्यामुळे पिकांचे अवशेष आता कोळशाबरोबर औष्णिक वीज केंद्रात जाळायचे आणि त्यामुळे हवेचं प्रदूषण कमी होईल, असं सरकारी धोरण सांगतं तेव्हा साध्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की, रानात जाळलं तर प्रदूषण आणि भट्टीत जाळलं तर स्वच्छता, हे कसं काय? शेवटी जळतं ते तेच ना?

या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. थोडक्यात सांगायचं तर फायदा खरा आहे, पण तो वीज केंद्राच्या चिमणीपेक्षा शेताच्या बांधावर जास्त होतो. म्हणजे जो पालापाचोळा नाहीतर उघड्यावर जळलाच असता, तो भट्टीत गेला तर हवा सुधारते. जो जळणारच नव्हता तो विकत आणून भट्टीत घातला, तर हवेच्या दृष्टीनं हातात फारसं काही पडत नाही. हा फरक समजून घेणं बेळगाव, विजापूर, कलबुर्गी, सोलापूर, निमाड अशा भागांसाठी महत्त्वाचं आहे. कारण इथं वीज केंद्रंही आहेत आणि तूर, कापूस, ऊसही आहे.

नियम काय आहे?

कोळशाच्या वीज केंद्रात थोड्या प्रमाणात शेतीतले अवशेष मिसळून जाळण्याला को-फायरिंग म्हणतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं याबाबतचं पहिलं धोरण नोव्हेंबर २०१७ मध्ये काढलं. त्याच सुमारास एनटीपीसीनं उत्तर प्रदेशातल्या दादरी इथल्या केंद्रात पेंढ्याच्या गोळ्या कोळशाबरोबर जाळून बघितल्या. तेव्हा हे सगळं ऐच्छिक होतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण बदललं आणि ५ टक्के मिश्रण सक्तीचं करण्यात आलं. त्याच वर्षी यासाठी एक राष्ट्रीय मिशनही स्थापन झालं. पुढे त्याला ‘समर्थ’ असं नाव मिळालं. मात्र बाजारात तेवढ्या गोळ्याच मिळेनात, म्हणून जून २०२३ मध्ये मुदत वाढवली गेली. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के, असं त्यावेळी ठरलं.

दिल्लीच्या आसपासचं प्रकरण याहून कडक आहे. पंजाब-हरियाणात भात कापला की गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. भूजल वाचवण्यासाठी पंजाबनं २००९ मध्ये कायदा करून भाताची लावण उशिरा करायला लावली. त्यामुळे कापणीही पुढे सरकली. कापणी यंत्रानं होत असल्यानं रानात उभं धसकट आणि पेंढा तसाच राहतो. मजूर लावून तो काढायचा तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात, काडी लावली की एका संध्याकाळीत रान मोकळं होतं. हाच तो ‘पराली’चा धूर. तो कमी व्हावा म्हणून दिल्लीपासून ३०० किलोमीटरच्या आतल्या कोळशाच्या वीज केंद्रांना किमान ५ टक्के पीक अवशेष वापरण्याचं बंधन २०२३ च्या पर्यावरण नियमांनी घातलं. ते पाळलं नाही तर भरपाईची तरतूदही ठेवली.

सरकारी अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार तयार होतो आणि चारा, सरपण, खत असे सगळे उपयोग वजा जाता त्यातला साधारण २३ कोटी टन शिल्लक उरतो. कागदावर हा आकडा मोठा आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या वर्षांत देशभरातलं मिश्रण ५ टक्क्यांच्या जवळपासही पोचलं नाही. त्याची कारणं पुढे येतीलच.

रानातलं जळण आणि भट्टीतलं जळण

चुलीत ओलं लाकूड घातलं की धूर होतो, फुंकणीनं वारा दिला की तो कमी होतो. सगळं शास्त्र यातच आलं. जळणाला पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर ते पूर्ण जळतं. यातलं एक कमी पडलं की अर्धवट जळलेले कण, कार्बन मोनॉक्साईड आणि डोळ्यांना झोंबणारे वायू बाहेर पडतात.

रानात पाचट किंवा पेंढा पेटवला की तो धुमसतो. खालचा थर दमट असतो, आच कमी असते, हवा नीट फिरत नाही. भाताच्या पेंढ्याबाबत सर्रास दिला जाणारा हिशेब असा की, एक टन पेंढा उघड्यावर जळला की साधारण ३ किलो सूक्ष्म धूळ, ६० किलो कार्बन मोनॉक्साईड आणि १,४६० किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. मागे सुमारे २०० किलो राख उरते. हा धूर जमिनीलगत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर तयार होतो. थंडीच्या दिवसात संध्याकाळनंतर हवेचा थर खाली बसतो, त्यामुळे तो गावातच घुटमळतो.

वीज केंद्राच्या भट्टीत उष्णता हजार अंशांच्या बरीच वर असते. कोळसा पिठासारखा दळून, मोजून दिलेल्या हवेबरोबर आत फेकला जातो. पेंढ्याच्या गोळ्याही याच वाटेनं जातात आणि जवळजवळ पूर्ण जळतात. नंतर धूर ईएसपी नावाच्या यंत्रणेतून जातो. तिथं उच्च दाबाच्या विजेनं राखेचे कण पत्र्यांना चिकटवून खाली पाडले जातात. चांगल्या स्थितीतली ईएसपी ९९ टक्क्यांहून जास्त धूळ धरते.

किती धूळ सोडायची यालाही मर्यादा आहे. डिसेंबर २०१५ च्या मानकांनुसार २००३ च्या आधीच्या संचांना दर घनमीटर वायूमागे १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ मधल्या संचांना ५० आणि २०१७ पासूनच्या नव्या संचांना ३० मिलिग्रॅम. एक टन इंधन जळलं की साधारण पाच ते साडेपाच हजार घनमीटर वायू तयार होतो. म्हणजे ५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्या केंद्रात एक टन पेंढा जळला तर धूळ पाव किलोच्या आसपास सुटेल. रानात तीच ३ किलो. सरळ दहा-बारा पटींचा फरक.

पण या हिशेबात दोन ‘जर’ आहेत. ईएसपी नीट चालत असेल तर. आणि तो पेंढा खरोखर रानात जळणार असेल तर.

चिमणीत मात्र फरक थोडा

आता फक्त चिमणीकडे बघू. उदाहरणासाठी ८०० मेगावॉटचा एक संच घेऊ. सरासरी ७० टक्के क्षमतेनं चालला तर तो दिवसाला ढोबळमानानं ८,००० टन कोळसा खातो. वजनाने ५ टक्के मिश्रण म्हणजे दिवसाला ४०० टन गोळ्या.

पहिला मुद्दा गंधकाचा. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का असतं. ते जळून सल्फर डायऑक्साईड होतो आणि हवेत दूरवर जाऊन त्याचेच सल्फेटचे बारीक कण बनतात. ८,००० टन कोळशातून दिवसाला सुमारे ८० टन सल्फर डायऑक्साईड निघेल. पिकांच्या अवशेषांत गंधक बरंच कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास. ४०० टन कोळसा बदलला तर ८० टनांतून साधारण ३ टन कमी होतील, म्हणजे ४ टक्के.

तुलनेसाठी चिमणीआधी बसवायचं गंधक धुऊन काढणारं एफजीडी यंत्र घ्या. ते ९० टक्क्यांहून जास्त सल्फर डायऑक्साईड अडवतं, म्हणजे ८० टनांतले ७० टनांहून अधिक. ही यंत्रं सगळ्या केंद्रांना सक्तीची होती, पण मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या बहुतांश संचांना त्यातून सूट मिळाली. मोठ्या शहरांच्या आणि राजधानी परिसराच्या १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांवरच ही सक्ती ठामपणे राहिली. म्हणून पेंढा मिसळतोय, आता गंधकाची काळजी नको, असं कुणी सांगितलं तर हे ४ टक्के आणि ९० टक्के शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

दुसरा मुद्दा नायट्रोजनच्या ऑक्साईडचा. लाकूड-काड्यांत नायट्रोजन कमी असतो आणि त्यातला ज्वलनशील वायू लवकर सुटतो. भट्टीची हवा नीट सांभाळली तर त्यामुळे हे ऑक्साईड थोडे कमी होतात. पण ५ टक्क्यांच्या मिश्रणात हा फरक इतका लहान असतो की कोळशाच्या रोजच्या प्रतीतल्या चढउतारातच तो झाकला जाऊ शकतो.

तिसरा मुद्दा धुळीचा. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. तुराट्या-पऱ्हाट्यांत ती त्यामानानं फारच कमी, भाताच्या पेंढ्यात मात्र १५ ते २० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे राखेचं एकूण ओझं किंचित उतरतं. पण चिमणीतून बाहेर काय पडतं हे ईएसपी ठरवते. पेंढ्यातल्या पालाशाचे, म्हणजे पोटॅशियमचे क्षार अतिशय बारीक कण बनवतात आणि असे कण पकडणं ईएसपीला जड जातं. प्रमाण ५ टक्के असेपर्यंत त्याचा त्रास नगण्य, प्रमाण वाढलं की लक्ष ठेवावं लागतं.

चौथा मुद्दा कार्बन डायऑक्साईडचा. इथं हवा आणि हवामान यांची गल्लत होते. कार्बन डायऑक्साईडनं गावात खोकला वाढत नाही, त्यानं पृथ्वीचं तापमान वाढतं. पिकानं वर्षभरात हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणून पीक अवशेषांचा कार्बन कोळशासारखा नवा धरला जात नाही. आपल्या उदाहरणातल्या संचात ४०० टन कोळसा वाचला तर दिवसाला सुमारे ६०० टन कार्बन डायऑक्साईड टळेल. त्यातून गोळ्या करायला लागलेली वीज आणि ट्रकचं डिझेल वजा करावं लागेल. उरलेला फायदा खराच आहे, पण तो हवामानाच्या खात्यावर जमा होतो. कपड्यांवरच्या काजळीशी त्याचा संबंध नाही.

आता शेताची बाजू धरा. ते ४०० टन जर उघड्यावर जळणारा पेंढा असेल तर १,२०० किलो सूक्ष्म धूळ टळली आणि चिमणीतून फार तर शंभर-सव्वाशे किलो सुटली. म्हणजे दिवसाला टनभर धूळ वाचली. नियम पाळणारा तो संच स्वतः दिवसाला दोन-सव्वादोन टन धूळ सोडतो. त्याच्या निम्म्याइतका फायदा फक्त काडी न लावल्यामुळे होतो. या धोरणाचा हवेसाठीचा जीव आहे तो इथं.

मग अडतं कुठं?

पेंढा हलका आणि फुगीर असतो. एका ट्रॉलीत कितीही कोंबला तरी वजन भरत नाही. म्हणून तो वाळवून, दळून, दाबून बोटाएवढ्या गोळ्या करतात. त्यांनाच पेलेट म्हणतात. मोठ्या कांड्या केल्या तर ब्रिकेट, ज्याला आपल्याकडे ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. वीज केंद्रांना पेलेट लागतात, कारण त्या कोळशाच्या गिरणीतून जाऊ शकतात. काही प्रकारच्या गिरण्यांत साध्या पेलेट चालत नाहीत. तिथं हवा न लागू देता अडीचशे ते तीनशे अंशांवर भाजलेल्या, म्हणजे टोरिफाय केलेल्या पेलेट लागतात. त्या कोळशासारख्या ठिसूळ होतात, पाणी कमी पितात, पण महाग पडतात.

पहिली अडचण साठवणीची. साधी पेलेट पावसात भिजली की फुगून तिचा भुगा होतो, म्हणजे कोळशासारखा उघड्यावर ढीग मारता येत नाही. शिवाय ती लवकर पेट घेते, त्यामुळे गिरणीतली हवा कमी गरम ठेवावी लागते आणि आगीची काळजी घ्यावी लागते.

दुसरी अडचण भट्टीची. पेंढ्यातला पालाश आणि क्लोरीन उष्णतेत वितळून नळ्यांवर काचेसारखा थर धरतात, नळ्या गंजतात. इथं एक गंमत आहे. भारतीय कोळशाची जास्त राख एरवी डोकेदुखी असते, पण याबाबतीत तीच कामी येते. राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना पालाशाला बांधून ठेवतात. म्हणून थोड्या मिश्रणात हा त्रास आटोक्यात राहतो.

तिसरी आणि खरी अडचण पैशाची. अवशेष गोळा करणं, गठ्ठे बांधणं, वाहतूक, दळण, वीज, गोदाम हे सगळं धरलं की पेलेटमधली उष्णता खाणीजवळच्या कोळशापेक्षा महाग पडते. हा जादा खर्च वीजदरात धरायला परवानगी आहे, म्हणजे शेवटी तो ग्राहकाच्या बिलात येतो. आणि एवढं करूनही शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? बांधावरचा भाव मजुरी आणि ट्रॅक्टरच्या भाड्यापेक्षा कमी असेल, तर कितीही नियम काढले तरी काडी लागणारच.

आपल्या भागात काय?

सीमाभागाजवळ मोठी केंद्रं आहेत. विजापूर जिल्ह्यात कुडगीचं एनटीपीसीचं २,४०० मेगावॉटचं केंद्र, ८०० मेगावॉटचे तीन संच. सोलापूरजवळ १,३२० मेगावॉट. रायचूरला कर्नाटक वीज महामंडळाचं १,७२० मेगावॉट. तिकडे इंदूरकरांच्या ओळखीच्या निमाडात खंडव्याजवळ सिंगाजी २,५२० मेगावॉट आणि खरगोनला १,३२० मेगावॉट. हैदराबादच्या वीजपुरवठ्याशी जोडलेलं रामगुंडम २,६०० मेगावॉटचं.

वर घेतलेला ८०० मेगावॉटचा हिशेब तीन संचांच्या केंद्राला लावला तर रोज १,२०० टन पेलेट लागतील, म्हणजे वीस टनी साठ ट्रक. हे फक्त ५ टक्क्यांसाठी. तुराट्या एकरी पाऊण ते एक टन निघतात असं धरलं, तर एका संचाची वर्षाची गरज भागवायला सुमारे दीड ते दोन लाख एकरांवरच्या तुराट्या लागतील. कलबुर्गी-विजापूर पट्ट्यात तूर लाखो हेक्टरवर होते, त्यामुळे माल नाही असं म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो कुठला माल न्यायचा आणि कुठला नाही.

पऱ्हाट्यांचं गणित सगळ्यात सरळ आहे. कापूस संपल्यावर पऱ्हाट्या रानात उभ्या राहिल्या किंवा बांधावर रचून ठेवल्या तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. म्हणून त्या वेळेवर काढाव्यात असं कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगतात. जनावरं त्या खात नाहीत. बहुतेक ठिकाणी त्या जाळल्याच जातात. त्या पेलेटला गेल्या तर अळीही आटोक्यात राहील आणि धूरही टळेल.

तुराट्यांचं तसं नाही. त्या अनेक घरांत अजूनही सरपण आहेत. भूमिहीन घरातली बाई दुसऱ्याच्या रानातून तुराट्या उचलून आणते आणि त्यावर भाकरी होते. उद्या पेलेटवाला भाव देऊ लागला तर मालक त्या उचलू देणार नाही. चुलीचा धूर वाईटच, बाईच्या फुप्फुसाला तो कुठल्याही चिमणीपेक्षा जवळचा. पण सरपण गेलं आणि सिलिंडर भरायला पैसे नसतील, तर ती बाभळी-चिलारीच्या मागे जाईल. वीज केंद्राच्या हिशेबात हा धूर कुठंच दिसत नाही.

कडबा, भुसा, सोयाबीनचं कुटार हे जनावरांचं खाणं. दुष्काळी वर्षात कडब्याच्या पेंढीचा भाव काय होतो हे जत, इंडी, मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारावं. हे भट्टीत जाता कामा नये. ‘शिल्लक जैवभार’ हा आकडा चांगल्या पावसाच्या वर्षी वेगळा आणि दुष्काळात वेगळा असतो.

पाचटाची गोष्ट आणखी वेगळी. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असतो. ते सरीत कुजवलं तर खत होतं, ओल टिकते, तण कमी येतं. खोडव्याला हेच सगळ्यात फायद्याचं, असं ऊस संशोधक सांगत आलेत. म्हणजे पाचटासाठी वीज केंद्र हा दुसरा पर्याय, पहिला पर्याय ते रानातच राहू देणं. काडी लावणं हा मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

कारखान्यात हे आधीपासूनच चालू आहे

एका अर्थानं को-फायरिंग आपल्याला नवीन नाही. टनभर उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघतं आणि कारखाने त्यावरच वाफ आणि वीज करतात. गुऱ्हाळावर चिपाडं जळतातच. हंगाम संपल्यावर सहवीज प्रकल्प चालू ठेवायला काही ठिकाणी कोळसाही आणला जातो. डिस्टिलरीत मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं स्पेंट वॉश आटवून कोळसा किंवा बगॅसबरोबर खास बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेत पालाश इतका असतो की ती खत म्हणून विकली जाते.

पण कपड्यांवर पडणारी काजळी एक धडा देते. बगॅस शेतीतलंच जळण, तरीही काजळी पडते. कारण बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, आणि कारखान्याच्या बॉयलरला धुळीची मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. नव्या औष्णिक संचाला ३०. त्यात कारखान्याची चिमणी बुटकी, गावाला लागून. मोठ्या वीज संचाची चिमणी २७५ मीटरपर्यंत उंच असते. म्हणजे जळण कुठून आलं यापेक्षा ते कशा भट्टीत जळतं आणि धूर कशातून गाळला जातो, हे महत्त्वाचं. ‘जैविक’ हा शब्द लागला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

आणखी एक धोका दिसतो तो छोट्या उद्योगांचा. इचलकरंजीतल्या सायझिंग-प्रोसेसचे बॉयलर, विटभट्ट्या, डाळमिल्स यांपैकी अनेक ठिकाणी आज पांढरा कोळसा, बगॅस, भुसा चालतो. वीज केंद्रानं सक्तीमुळे चढा भाव देऊन हाच माल उचलला तर छोटा बॉयलरवाला परत कोळशाकडे किंवा लाकडाकडे वळेल. मोठ्या भट्टीला ईएसपी आहे, छोट्याकडे बहुधा साधा सायक्लोन. चांगल्या गाळणीकडे स्वच्छ जळण आणि साध्या गाळणीकडे घाण जळण, असा उलटा प्रकार झाला तर शहराची हवा सुधारण्याऐवजी बिघडेल.

बाहेरचा अनुभव

डेन्मार्कनं १९९३ मध्ये राजकीय करार करून वीज कंपन्यांना वर्षाला १२ लाख टन पेंढा आणि २ लाख टन लाकूड वापरायला लावलं. तिथं रानात पेंढा जाळायला बंदी होती, शेतकऱ्याशी पुरवठ्याचे करार होते आणि गठ्ठ्याची ओल मोजून भाव ठरत असे. हे सगळं बसायला वर्षं लागली.

ब्रिटनमधलं ड्रॅक्स हे दुसरं टोक. तिथल्या सहापैकी चार संच कोळशावरून पूर्णपणे लाकडाच्या पेलेटवर आले. पण या पेलेट मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या जंगलांतून जहाजानं येतात. वर्षभरात उगवणारा पेंढा आणि पन्नास वर्षांत वाढणारं झाड यांचा कार्बनचा हिशेब एकच धरायचा का, यावर तिथं आजही वाद चालू आहे. आपल्याकडच्या धोरणाचा भर पीक अवशेषांवर आहे, ही जमेची बाजू. ती तशीच राहावी, सक्ती पूर्ण करायला झाडं तोडून भुसा करण्याची वेळ येऊ नये.

गावानं काय विचारावं?

एखाद्या तालुक्यात पेलेटचा कारखाना येतोय किंवा जवळच्या केंद्रानं मिश्रण सुरू केलंय असं कळलं, तर ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत चार गोष्टी विचारायला हरकत नाही.

एक, कच्चा माल कोणता आणि तो आज कशासाठी वापरला जातो? जळत असेल तर स्वागत. चारा, सरपण, खत होत असेल तर आधी त्याची सोय काय ते सांगा.

दोन, बांधावर टनाला भाव किती आणि गोळा करायचं काम कुणाचं? भाव केंद्राच्या गेटवरचा सांगितला जातो, शेतकऱ्याला मिळतो तो वेगळा.

तीन, पेलेट कारखान्याची स्वतःची धूळ आणि आवाज यांचं काय? वाळवण-दळणाची धूळ शेजारच्या वस्तीवरच बसते.

चार, चिमणीचे आकडे. मोठ्या केंद्रांना धूळ आणि वायूंचं सतत मोजमाप करून ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावं लागतं. मिश्रण सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे आकडे गावाच्या फलकावर, लोकांना कळतील अशा भाषेत लावा, ही मागणी रास्त आहे. सीमाभागात ‘कळेल अशा भाषेत’ याचा अर्थ कन्नड आणि मराठी, दोन्ही.

पिकांचे अवशेष कोळशात मिसळल्यानं कोळसा स्वच्छ होत नाही. शंभरातले पंच्याण्णव टन कोळसाच जळत असतो, आणि त्याच्या धुरासाठी ईएसपी, एफजीडी ही यंत्रं लागतातच. पण रानात काडी न लागता पऱ्हाट्यांचा ट्रक भरला, तर त्या संध्याकाळी त्या शिवारातली हवा नक्की बरी असेल. ट्रक कशानं भरला एवढं तपासणं आपल्या हातात आहे.